चाके घडवणाऱ्या प्यास्तच्या गावात

२०१९ च्या सप्टेंबरअखेर आम्ही उभयता पोलंडला जाऊन आलो. जाऊन आलो म्हणजे मुलाकडे जाऊन आलो. नुसता देश बघायला जाण्याइतकी आमची ऐपत नाही. आमच्यातील एकाने एकतीस वर्षे एस.टी.च्या कार्यशाळेत टायर-चाकांच्या विभागात काढली आणि दुसरीने बावीस वर्षे अंगणवाडीत मदतनीस म्हणून. चिरंजीव पोझनान शहरात एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करतो. त्याने तिकिटे पाठवली आणि फोनवर एवढेच म्हणाला, "बाबा, आता नाही आलात तर परत कधी येणार?"

पहिल्याच संध्याकाळी एक गोष्ट नजरेला पडली. इमारतीच्या दाराशी भिंतीत पत्रपेट्यांची रांग होती. मुलाच्या पेटीवर त्याचे नाव आणि पुढे बापाचे नाव. आडनाव नाही. आम्ही एकमेकांकडे पाहिले. बापाचे नाव परमुलखात पाटीवर दिसले म्हणून खरे तर बापाला बरे वाटायला हवे होते. जेवताना सहज विचारले, तर म्हणाला, "बाबा, पाटी लहान आहे, सगळं बसत नाही." पाटीवर अजून एक ओळ मावली असती, हे चाकांच्या नटबोल्टची मापे घेण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला कळत होते. पण प्रवासाचा शीण होता, विषय तिथेच राहिला.

मुलाची घरमालकीण म्हणजे एक निवृत्त शिक्षिका. वय सत्तरीच्या पुढे. निवृत्तीनंतर त्या वडिलांच्या घरी, क्रुश्वित्सा नावाच्या लहान गावी राहायला गेल्या आणि पोझनानची जागा त्यांनी आमच्या मुलाला भाड्याने दिली. ही जागा मिळण्यापूर्वी त्याने पाच घरे पाहिली होती. फोनवर सगळे हो म्हणत, दारात चेहरा पाहिला की 'आत्ताच दुसऱ्याला दिली' असे सांगत. ह्या बाईंनी फक्त 'सिगारेट ओढतोस का' एवढे विचारले आणि किल्ली हातात ठेवली. मुलगा त्यांना 'पानी' म्हणतो. आम्हाला पहिले दोन दिवस वाटत होते की पोरगा फोनवर सारखे पाणी मागतो आहे. त्यांच्या भाषेत पानी म्हणजे बाईसाहेब. तर या पानींनी आम्हाला शनिवारी जेवायला बोलावले.

पोझनानहून सकाळची गाडी पकडली. वाटेत ग्न्येझ्नो स्टेशन लागते. ही पोलंडची फार जुनी राजधानी. तिथे गाडी थांबली तेव्हा मुलाने पानींकडून ऐकलेली एक कथा सांगितली, ती वाचकांनाही सांगतो, कारण पुढे तिच्याशी काम आहे.

फार पूर्वी तिथे पोप्येल नावाचा राजा होता. त्याच्या दोन मुलांच्या जावळाचा समारंभ होता. होय, जावळच. मुलाचे केस पहिल्यांदा कापायचे, त्याला नाव द्यायचे आणि जेवण घालायचे, असा त्या लोकांचाही रिवाज होता. त्या दिवशी दोन अनोळखी वाटसरू राजाच्या दारी आले. त्यांना नुसते हाकलले नाही, तर शहराबाहेर काढले. ते वेशीबाहेरच्या वस्तीत एका गरिबाच्या झोपडीशी आले. त्याचे नाव प्यास्त, बायकोचे नाव झेपिखा. त्यांच्याही मुलाचे त्याच दिवशी जावळ. घरात एक पिंपभर बिअर आणि एक डुकराचे पिल्लू, एवढीच काय ती तयारी. तरी त्याने पाहुण्यांना आत घेतले. मग पिंप रिते होईना, मटण संपेना, शेजारीपाजारी सगळे जेवले, आणि शेवटी राजालाच जेवायला बोलावले. पाहुण्यांनी मुलाचे केस कापले आणि नाव ठेवले श्येमोवित. पुढे पोप्येल गेला आणि हा श्येमोवित गादीवर बसला. त्याच्या पणतूच्या काळात, ९६६ साली, पोलंड ख्रिस्ती झाला. बाराव्या शतकाच्या आरंभी एका परदेशी लेखकाने लॅटिनमध्ये ही कथा लिहून ठेवली. त्याचे खरे नावही कोणाला माहीत नाही.

पिंप रिते न होण्याची गोष्ट आम्हाला पटली नाही. चमत्कार आम्ही मानत नाही. पण गरिबाच्या घरी कार्य निघाले की आळीतल्या बाया आपापल्या घरून परात-परात आणतात आणि पाचशे माणूस जेवून जाते, हे आम्ही चाळीत डोळ्यांनी पाहिले आहे. तसेच काही झाले असेल.

जुन्या कथेत प्यास्त हा राजाचा नांगऱ्या आहे. पुढच्या लोकांनी त्याला गाड्यांची चाके घडवणारा केले. त्यांच्या भाषेत चाके करणाऱ्याला 'कोवोजेय' म्हणतात आणि आज तिथे शाळेतले पोर 'प्यास्त कोवोजेय' असेच नाव घेते. हे ऐकल्यावर मुलाची आई म्हणाली, "म्हणजे तुमच्याच खात्यातला!"

इनोव्रोत्स्वाव स्टेशनवर उतरून पुढे पंधरा-सोळा किलोमीटर बसने गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सपाट काळी जमीन आणि कडेला पांढरट कंदांचे माणसाच्या उंचीचे ढीग. ते साखरेचे बीट. आपल्या लाल बिटाचाच भाऊ, पण रंगाने पांढरा. त्याच्यातून साखर निघते आणि क्रुश्वित्साला साखर कारखाना आहे. मुलाच्या आईचे आईवडील दर साल कोयते घेऊन कारखान्यावर जात. तिचे लहानपण उसाच्या फडात पाचटाच्या कोपीत गेले. ती खिडकीला नाक लावून शोधत होती. शेवटी न राहवून म्हणाली, "अरे, टोळ्या कुठायत? माणसंच दिसत नाहीत." दूर शेतात एक भलेमोठे यंत्र एकटेच चालले होते. एका फेरीत सहा ओळी, पाला छाटून कंद उपटून पोटात घेत होते. ती बराच वेळ त्या यंत्राकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "आईचं कंबरडं वाचलं असतं." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "पण मग खाल्लं काय असतं?" याचे उत्तर आम्हा दोघांजवळ नव्हते.

क्रुश्वित्सा हे गाव गोप्वो नावाच्या सरोवराच्या उत्तर टोकाला आहे. सरोवर पंचवीसेक किलोमीटर लांब, पण रुंदीला इतके कमी की ठिकठिकाणी नदीच वाटते. गावात शिरताच झाडांच्या वर लाल विटांचा एक बुरूज दिसतो. आठ कोनांचा, बत्तीस मीटर उंच. याला उंदरांचा बुरूज म्हणतात. पानी खालीच उभ्या होत्या. आम्ही हात जोडले, त्यांनी आमचे हात हातात घेतले.

उंदीर कुठून आले? तर मागून आलेल्या कथाकारांनी पोप्येलची गोष्ट वाढवली. त्याच्या बायकोने सल्ला दिला म्हणून त्याने आपल्या चुलत्यांना जेवायला बोलावून विष घातले, प्रेते तशीच टाकली, त्या प्रेतांतून उंदीर निघाले. राजा पळून सरोवराकाठच्या बुरुजात लपला, तर उंदरांनी पाण्यातून पोहत येऊन त्याला खाल्ले. मुलाच्या आईने एवढेच विचारले, "विष यानं घातलं, आणि नाव बायकोचं?" मुलाने ते पानींना पोलिशमध्ये सांगितले. त्या इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला.

एकशे नऊ पायऱ्या चढून वर गेलो. मुलाच्या बाबांचा गुडघा दुखतो म्हणून तीनदा थांबलो. वर वारा बोचरा होता. एका बाजूला लांबवर गेलेले पाणी आणि काठाचे बोरू, दुसऱ्या बाजूला गाव, साखर कारखाना आणि तेलाचा मोठा कारखाना. आपल्याकडच्या मोहरीची बहीण असलेल्या एका बीचे तेल तिथे काढतात. खाली धक्क्याला पर्यटकांना फिरवणारी बोट होती. पाण्याची भीती वाटते म्हणून मुलाच्या आईने तिच्याकडे पाहायचेही टाळले.

वर उभे असताना पानींनी एक हिशोब मांडला, तो आम्हाला फार आवडला. पोप्येल झाला असेल तर हजार-अकराशे वर्षांपूर्वी. हा बुरूज मात्र १३५० च्या आसपासचा. तो राजा थोरला काझिमिएश याने बांधलेल्या किल्ल्याचा. म्हणजे पोप्येल काही ह्या बुरुजात मेला नाही. आणि काझिमिएश कोण? त्याच प्यास्तच्या वंशातला शेवटचा राजा. १३७० मध्ये तो वारला, त्याला मुलगा नव्हता, गादी दुसऱ्या घराण्याकडे गेली. १६५७ मध्ये स्वीडनच्या सैन्याने किल्ला जाळला, तेवढा हा बुरूज उरला. बांधला चाकवाल्याच्या वंशजाने आणि नाव चालले आहे पोप्येलच्या उंदरांचे.

पूल ओलांडून पलीकडच्या काठावर एक जुने चर्च आहे. बाराव्या शतकातले, ग्रॅनाइटच्या घडीव दगडांचे, जाड भिंतींचे आणि लहान खिडक्यांचे. आत गारवा आणि शांतता. दार सताड उघडे होते. तरी मुलाची आई उंबऱ्याशी थबकली आणि हळूच म्हणाली, "जाऊ का आत? चालेल ना त्यांना?" मुलगा म्हणाला, "इथे कोणी विचारत नाही, आई." पानींनी मागे वळून पाहिले आणि काय झाले असे विचारले. मुलाने काही सांगितले नाही. आम्हीही सांगितले नाही.

घरी गेलो. बैठे घर, मागे सफरचंदाची आणि आलुबुखाराची झाडे. पानींचे वडील साखर कारखान्यात कामाला होते, भिंतीवर त्यांचा फोटो होता. टेबलावर बिटाचे लालभडक सार, कोबी-अळिंबीचे सारण भरून उकडलेल्या करंज्या आणि झाकून ठेवलेले आणखी एक भांडे. पानींनी मुलाला काहीतरी विचारले. तो घुटमळला. नंतर कळले, त्या विचारत होत्या की कोंबडी केली आहे, पण तू तर शाकाहारी, आईवडीलही तसेच का? पोरगा दीड वर्ष त्यांना, आणि ऑफिसातही, आपण शाकाहारी असल्याचे सांगत होता. ज्या पोराने लहानपणी रविवारच्या रश्श्यासाठी घर डोक्यावर घेतले, तो! मुलाच्या आईने भाषा न कळताच सगळे ओळखले. झाकण काढले, वाढून घेतले आणि म्हणाली, "सांग त्यांना, आम्ही सगळं खातो."

मग मुलाने जे होते ते सांगितले. आधी आम्हाला मराठीत, मग त्यांना त्यांच्या भाषेत. कंपनीत आपल्या देशाचे दहा-बारा जण आहेत. पहिल्या आठवड्यात त्यांच्यातल्या एकाने पूर्ण नाव विचारले, मग गाव, मग वडील काय करतात. त्यानंतरच्या शनिवारी सगळे जेवायला जमले, ह्याला निरोप आला नाही. पुढच्या शनिवारीही नाही. तेव्हापासून नवीन कोणी भेटले की तो नाव आणि बापाचे नाव एवढेच सांगतो, आणि खाण्याचे विचारले की शाकाहारी म्हणतो. आमचे आडनाव येथे लिहीत नाही. या साप्ताहिकाच्या कोणत्याही अंकात लग्नाच्या आणि जलदान विधीच्या बातम्यांत ते चार वेळा तरी छापून येते, वाचकांनी ओळखून घ्यावे.

पानी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी जे सांगितले ते मुलाने तोडके-मोडके भाषांतर करून आमच्यापर्यंत पोचवले. त्या म्हणाल्या, आमच्याकडे शाळेत प्रत्येक मुलाला शिकवतात की आमचे पहिले राजघराणे एका नांगऱ्याच्या झोपडीतून निघाले. त्याचा अभिमान किती! पुढे सरदारांनी राजा निवडून द्यायला सुरुवात केली, तेव्हा परदेशी उमेदवारासमोर देशातला कोणी उभा राहिला तर त्याला ते 'प्यास्त' म्हणत. आणि हेच सरदार जिवंत नांगऱ्याला कसे वागवत? १४९६ च्या कायद्याने शेतकऱ्याच्या गाव सोडून जाण्यावर बंधने घातली. १५२० मध्ये मालकाच्या शेतावर आठवड्याला निदान एक दिवस फुकट राबणे ठरले, पुढे तो एक दिवस अनेक दिवसांवर गेला. सरदार सांगत, आम्ही फार प्राचीन योद्ध्यांच्या वंशातले, आणि कुळे बायबलातल्या शापित हामची पोरे. त्या हामवरून झालेला 'खाम' हा शब्द आजही तिथे शिवी म्हणून वापरतात.

आम्ही जेवायचे थांबलो होतो. एकाच देशात, एकाच रंगाच्या, एकाच देवाला मानणाऱ्या माणसांत जन्मावरून अशी उतरंड लावली होती, हे आम्हाला नवीन होते. आम्ही विचारले, मग सुटले कसे? त्या म्हणाल्या, ह्या भागात १८०७ मध्ये माणूस कायद्याने मोकळा झाला. जमिनीवरच्या हक्काचा कायदा १८२३ चा. रशियाच्या ताब्यातल्या भागात तर १८६४ उजाडले. "आणि आता," त्या म्हणाल्या, "कोणालाही विचारा, सगळ्यांचे पूर्वज सरदार! घोडा होता, तलवार होती, वाडा होता. मग नांगर कोण धरत होते? माझे आजोबाही लोकांना वाड्याच्या गोष्टी सांगत. त्यांच्या आजोबांनी त्या वाड्यात फक्त शेण काढले होते, हे मला आईने मरताना सांगितले."

भांडी आवरताना त्यांनी आडनावांची गंमत सांगितली. पोलंडमध्ये सगळ्यात जास्त लोकांचे आडनाव नोवाक. त्याचा अर्थ नवा आलेला, म्हणजे उपरा. त्याच्या खालोखाल कोवाल्स्की, ते 'कोवाल' म्हणजे लोहारावरून. कोवोजेय हेही आडनाव आहे. त्यांचे स्वतःचेही असेच एका धंद्यावरून आलेले. मग त्यांनी विचारले, तुमच्या आडनावाचा अर्थ काय? मुलगा ताटलीकडे पाहत होता. बाबांनी जेवढा माहीत होता तेवढा सांगितला, आणि हेही सांगितले की त्या आडनावाची माणसे आज मास्तर आहेत, डॉक्टर आहेत, कंडक्टर आहेत, आणि एक जण एस.टी.ची चाके बसवून निवृत्त झाला आहे. भाषांतर करताना शेवटच्या वाक्याला पोरगा थोडा हसला.

चहा घेताना त्यांनी विचारले, भारतात पोलंडचे नाव तुम्ही आधी ऐकले होते का? आम्ही ऐकले होते. मुलाच्या बाबांचे गाव कोल्हापूरजवळ. दुसऱ्या महायुद्धात रशियाने सैबेरियाकडे हाकललेली पोलिश माणसे, बहुतेक बायका आणि मुले, इराणमार्गे भारतात आली. १९४३ ते १९४८ कोल्हापूरशेजारी वळिवडे येथे त्यांची छावणी होती. पाच हजारांच्या आसपास माणसे, त्यांच्या शाळा, त्यांचे चर्च, सगळे तिथे होते. बाबांची आजी त्या छावणीत जळणाच्या मोळ्या विकायला जाई. गावात मोळी वाड्याबाहेर टाकायची आणि पैसे वरून पदरात झेलायचे, हा तिचा रोजचा व्यवहार. छावणीतल्या एका बाईने पहिल्या दिवशी तिच्या डोक्यावरची मोळी स्वतः हात लावून उतरवून घेतली आणि पैसे तळहातावर ठेवले. आजी ही गोष्ट सांगताना दरवेळी आपला उजवा तळहात उघडून दाखवी. आम्ही तिला शेवटच्या आजारात पाहिले, तेव्हाही दाखवला होता.

हे मुलालाही ठाऊक नव्हते. आम्ही त्याला कधी सांगितलेच नव्हते, तेव्हा त्यालाच का दोष द्यायचा? त्याने ते भाषांतर करायला फार वेळ घेतला, मध्ये दोनदा थांबला. पानी उठल्या, आत गेल्या आणि आलुबुखाराच्या मुरंब्याच्या दोन बरण्या घेऊन आल्या. सोबत एक जाड वही होती. घरी जेवलेल्या पाहुण्यांची नावे त्या तिच्यात लिहून घेतात, वडिलांच्या वेळेपासूनची सवय. वही आणि पेन त्यांनी मुलापुढे ठेवले.

त्याने आधी आईचे नाव लिहिले, मग बाबांचे, मग स्वतःचे. तिन्ही नावांपुढे आडनाव लिहिले. पानींना ते वाचता येईना, म्हणून एकदा खोडून त्यांच्या लिपीच्या वळणाने पुन्हा लिहिले. त्यांनी दोनदा मोठ्याने म्हणून पाहिले. दुसऱ्यांदा बऱ्यापैकी जमले.

बसथांब्यापर्यंत त्या सोडायला आल्या. बिटाने भरलेले ट्रक एकामागून एक कारखान्याकडे चालले होते आणि रस्त्यावर मातीची ढेकळे पडली होती. मुलाची आई बसमध्ये बसताच झोपली, बरण्या मांडीवर धरून. पोझनानला पोचायला रात्रीचे नऊ वाजले. दारातून आत जाताना पत्रपेटीकडे आम्ही मुद्दामच पाहिले नाही.